भुरीचं पाणी

सोहम आणि रेवा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सोहमनं विचारलं, "आजी, एक लिटर दूध तयार व्हायला किती पाणी लागतं?" शाळेचा प्रोजेक्ट आहे, तक्ता करायचा आहे, आणि आजीच्या घरामागे म्हशी होत्या असं आई सांगते, म्हणून मला विचारतोय, असं म्हणाला. मी म्हटलं, आवाज तुटतोय, मी लिहून पाठवते. आवाज अजिबात तुटत नव्हता.

आकडा तुला पुस्तकात मिळेल. तो तक्त्यात लिही, बाई खूश होतील. माझाही एके काळी आकड्यांवर फार विश्वास होता, म्हणूनच मी आकडा सांगत नाही, झालं ते सांगते. आणि आत्ताच सांगते, कारण परवा मी मुद्दाम मागच्या गल्लीत जाऊन आले आणि आपल्याला दूध देणाऱ्या धापूबाईचा बाडा नेमका कुठे होता ते मला चटकन सापडेना. अंधारात घरातली सुई काढून देणारी मी, दहा मिनिटं स्कूटरींच्या रांगेत उभी होते आणि स्वतःवरच चिडत होते. अजून काही वर्षं गेली तर हे सांगणारं कुणी उरणार नाही. रेवाला मराठी वाचायला वेळ लागतो, तिला आईनं वाचून दाखवावं. धापूबाईची वाक्यं मी तिच्याच बोलीत ठेवली आहेत. ती मराठीत बोलली असती तर ती धापूबाई राहिली नसती.

आपलं घर उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकापासून चालत सात-आठ मिनिटांवर. तुम्ही पाहिलंत ते लिफ्टवालं नाही. त्याच जागेवरचं आधीचं, बैठं, कौलारू. मागे अंगण, अंगणात विहीर, तिच्या कडेला काळ्या दगडाचा लांबट हौद. मागच्या भिंतीत लोखंडी फाटक होतं. फाटकाबाहेर अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे बाडा, म्हणजे म्हशींचा गोठा. पण उज्जैनच्या आम्हा मराठी लोकांच्या तोंडात बाडाच बसलेला. तिथे धापूबाईच्या सहा म्हशी. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, उंच, खणखणीत आवाजाची, हातात चांदीचं जाड कडं. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन गावातच, देवास गेटजवळ राहायची. तुमच्या पणजोबांनी तिच्या सासूला शब्द दिला होता की म्हशींना आपल्या विहिरीचं पाणी मिळेल, आणि तिच्याकडचं पहिलं दूध आपल्या घरी येईल. कागद नव्हता. फाटकाची किल्ली मात्र आपल्याकडे, आणि माझं लग्न झाल्यावर ती माझ्या कमरेला आली.

उन्हाळ्यात दुपारी तीनला मी फाटक उघडायची. त्याआधी अंगणात कसलाही आवाज नसे. कावळेसुद्धा लिंबाच्या झाडात गप्प. मग मोटर सुरू व्हायची, पाण्याचा पहिला फवारा तापलेल्या दगडावर पडायचा आणि एक वास उठायचा, चुन्याचा, शेवाळाचा, थोडा लोखंडाचा. त्याच्या मागोमाग गल्लीतून दुसरा वास आत यायचा: सरकीची पेंड, ओलं शेण, म्हशीच्या कातडीवर वाळलेला चिखल. म्हशी एकामागोमाग एक यायच्या, धक्काबुक्की न करता. पहिली नेहमी भुरी. तिचा रंग काळा नव्हता, राखेसारखा होता. ती नाकपुड्या पाण्याच्या वर ठेवून लांब घोट ओढायची, आणि प्रत्येक घोटाबरोबर तिच्या गळ्याखालून एक लाट खाली जायची. कान मागेपुढे हलायचे. पाणी पिऊन झालं की ती मान वर करायची आणि हनुवटीवरून धार परत हौदात पडायची. तुमची आई हौदाच्या कडेला बसून त्या लाटा मोजायची.

धापूबाई पाण्यात मूठभर मीठ आणि चापड, म्हणजे गव्हाचा कोंडा, कालवायची. "मीठो पानी जादा पीए," ती सांगायची. मीठ घातलेल्या पाण्याला ती गोड म्हणायची. मग बादल्या भरभरून म्हशींच्या पाठीवर ओतायची. राखाडी-काळी कातडी क्षणात चमकायची आणि म्हशी डोळे मिटून घ्यायच्या. तिचा एक नेम होता. तहानलेल्या म्हशीखाली ती बसत नसे, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. "दोपेर में जो पीएगी, शाम को वोई देगी. कोई ऊपर से थोडी आवे दूध?"

सोहम, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिनं तिथेच दिलं होतं. मी ते ऐकत होते, पण शिकलेली असल्यामुळे मनावर घेत नव्हते.

त्या वर्षांत सगळं नवीन येत होतं. सिंहस्थ होऊन गेला होता, रस्त्यांवरचं डांबर अजून काळं होतं. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवल्या, टावर चौकात दुकानादुकानांतून रंगीत थंड पेयांच्या बाटल्या लागल्या, देवास गेटच्या बस स्टँडवर एसटीडीच्या खोक्यांपुढे रांगा. नळ मात्र जुनाच होता, आणि उन्हाळा लागला की दोन-दोन दिवस यायचा नाही. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. स्टाफरूममध्ये रोज भेसळीच्या गोष्टी: तिखटात विटेची भुकटी, दुधात पाणी, दुधात आणखी काय काय. ग्राहकानं जागरूक राहायला हवं, असं सगळ्या म्हणायच्या. मी नुसतं म्हणून थांबणाऱ्यांतली नव्हते. देवास गेटला शाळांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणारं एक दुकान होतं, तिथून मी लॅक्टोमीटर आणला.

म्हणजे एक काचेची नळी, खाली फुगा, फुग्यात शिशाचे छर्रे, वर रेघा. दुधात सोडायची. उंच तरंगली तर दूध शुद्ध, जास्त बुडाली तर पाणी. सोबत इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठी होती, घडी घातलेली. मी ती "सूचना व गॅरंटी" असं लेबल लावलेल्या फायलीत ठेवली, इस्त्री आणि मिक्सरच्या कागदांबरोबर, नीट भोकं पाडून. वाचली नाही. एका नळीत वाचण्यासारखं काय असणार?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, धापूबाईनं पातेलं हातात दिलं की तिथेच, फाटकात, मी नळी सोडायला लागले. दूध नुकतं काढलेलं, कोमट, फेसाळ. पातेल्याला हात लावला तर बोटांना ऊब लागायची. नळी बुडायची. रोज बुडायची. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या त्या चौकोनात आकडा टाकायची. आठवड्याभरानं तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, साय बोटभर येते. पाण्याला साय येते का कधी?"

"साय दाखवण्यापुरती असते," मी म्हटलं. याचा अर्थ काय होतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

धापूबाईला त्या नळीची मजा वाटायची. "ये काच की डंडी ने कदी भैंस देखी हे, बाई?" असं विचारून ती पदरात तोंड घालून हसायची. मला वाटलं, अपराधी माणूस असंच हसतं.

मग वैशाखातल्या एका सकाळी मी थोडी लवकर गेले. ती भुरीखाली बसत होती. गुडघ्यांत रिकामी बादली धरली, बाजूच्या तांब्यात बोटं बुडवली आणि बादलीत पाणी शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्याकडे पाहिलं, आणि चौथ्यांदा बोटं बुडवून ओला हात भुरीच्या कासेला लावला.

"धापूबाई, ये क्या डाला?"

"पानी, बाई."

"दूध में?"

"दूध में कां? खाली बालटी में. दूध तो अब आएगा."

"मी रोज बघते, दूध पातळ असतं. आज समजलं का ते!" रागात मी मराठीवर आले होते, तिला मराठी समजायचं.

ती उठली नाही. म्हणाली, "तीन छींटा हे, बाई. दूध एकलो घर से नी जाय. संग में थोडो पानी भेजनो पडे, नी तो थन में गांठ पडे. म्हारी सासू भेजती थी, उनकी सासू भेजती थी. आपके ससुर के सामने भेजती थी."

दूध एकटं घराबाहेर पाठवायचं नाही, सोबत थोडं पाणी द्यायचं, हा तिच्या घरचा रिवाज. तीन शिंतोड्यांनी नळी एवढी बुडत नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी ठरवलं की मी असताना तीन, आणि मी नसताना तांब्या. गल्लीतल्या दोन-तीन बायका दारात आल्या होत्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "विहिरीचं पाणी म्हशींच्या पोटात जातं की बादलीत, ते समजेपर्यंत फाटक बंद." आणि कुलूप लावलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

धापूबाई फाटकाच्या पलीकडून एवढंच म्हणाली, "गुस्सो म्हारा पे करो, बाई. ये तो जनावर हे."

पुढचे दिवस मला वासांशिवाय आठवतात. तीन वाजायचे, मी कुलपाकडे बघत चहा प्यायची, हौद कोरडा. धापूबाईनं नवीन रीत बसवली. पहाटे उठून धारा काढायच्या, दुधाच्या बरण्यांना ओलं फडकं गुंडाळून कोपऱ्यात ठेवायच्या आणि ऊन चढायच्या आत सहाच्या सहा म्हशी घेऊन निघायचं, पुलावरून देवास गेट, तिथून बाजार ओलांडून थेट क्षिप्रेवर. नऊ-साडेनऊला ती परत आली की मग दूध द्यायला यायची. मागच्या फाटकानं नाही, पुढच्या दारानं, बाकीच्या विक्रेत्यांसारखी.

आणि नळी उंच तरंगायला लागली.

पहिल्याच दिवशी. दुसऱ्याही दिवशी. मी आजोबांना कॅलेंडर दाखवलं: हा कुलपाआधीचा आकडा, हा नंतरचा. "बघा," मी म्हटलं, "पाणी बंद केलं आणि दूध सुधारलं." आजोबा बँकेतले, आकड्यांपुढे गप्प बसणारे. त्यांनी सायीचा मुद्दा पुन्हा काढला नाही. मी शाळेतही सांगितलं. माझं कौतुक झालं. एका बाईंनी तसलीच नळी मागवली.

दूध सुधारलं, पण कमी झालं. दोन लिटरच्या जागी दीड, मग एक. धापूबाईच्या टाचांना भेगा पडल्या. जाऊन-येऊन इतकी वाट तुडवायची आणि दुपारी पुन्हा तहान. नळाला पाणी नाही. घरात जे साठवलेलं असेल ते सहा जणींत वाटायचं. ती मला काही मागायला आली नाही, आणि मी ती मागायला येण्याची वाट बघत होते. तिनं फक्त "चूक झाली" म्हणायचं होतं. मला तेवढंच हवं होतं, आणि ते मला मिळणार नव्हतं, कारण तिची चूक झालीच नव्हती.

ज्येष्ठात बडनगरकडचा एक व्यापारी आला. आधी दोन म्हशी गेल्या, मग तीन. भुरी शेवटी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तिला गल्लीतून नेत होते आणि ती आपल्या फाटकाशी येऊन थांबली. वेळ तिचीच होती, तीनची. तिनं नाक दोन गजांमध्ये घातलं आणि उभी राहिली. ओरडली नाही. व्यापाऱ्याच्या माणसानं दोरी ओढली, तरी हलली नाही.

तुमची आई माझ्या बाजूला होती, दहा वर्षांची. "आई, जाताना तिला पाणी देऊ दे ना. एकदाच."

किल्ली माझ्या कमरेला होती. मी म्हटलं, "तुझा अभ्यास झाला का?"

धापूबाई भुरीच्या मानेवर हात ठेवून तिला म्हणाली, "चल बेटी. वां नदी हे." मग भुरी निघाली.

आमच्याकडे पिशवीचं दूध सुरू झालं. निळ्या अक्षरांची थंडगार पिशवी, कोपरा कापायचा, पातेल्यात ओतायची. कशाचाच वास नाही. साय आली तर कागदासारखी. तुमच्या आईनं त्या पावसाळ्यात दूध सोडलं ते सोडलंच. तुम्ही विचारता ना, आई कॉफी काळी का पिते.

दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात मिक्सर बंद पडला. मी गॅरंटीचा कागद काढायला फाईल उघडली, आणि त्याच्यामागे ती चिठ्ठी. उभ्याउभ्याच वाचली. चार ओळी होत्या. दूध काढल्यावर काही तास ठेवून, निववून मगच नळी सोडावी. ताज्या, कोमट दुधात ती जास्त बुडते आणि चुकीचं सांगते. दुधात स्निग्धांश भरपूर असला तरीही ती थोडी बुडते.

चार ओळी, आणि त्याही इंग्रजीत. त्या भाषेचा मी पगार घेत होते.

तरी मला लगेच पटलं नाही. पिशवीचं थंड दूध पातेल्यात घेतलं, नळी सोडली, उंच. तेच दूध अंगाएवढं कोमट केलं, नळी सोडली. ती माझ्या डोळ्यांदेखत खाली गेली. पहाटेच्या धारा आणि साडेनऊपर्यंत ओल्या फडक्यात निवलेलं दूध! कुलपानं दूध सुधारलं नव्हतं. ते फक्त गार झालं होतं. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि किल्ली घेऊन गल्ली ओलांडली. चकलीचं पीठ तसंच परातीत होतं.

बाड्यात म्हशींच्या जागी थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचले होते, पार आढ्यापर्यंत. धापूबाईनं जागा एका एजंटला भाड्यानं दिली होती. ती दारात बसून लसूण सोलत होती. बाटल्यांच्या तळाशी उरलेल्या गोड पाण्याला माश्या लागल्या होत्या.

मी उभ्यानं सगळं सांगितलं, शाळेत सांगते तसं, कारण आणि परिणाम क्रमानं. गरम दूध, गार दूध, साय, चिठ्ठी. "गलती मेरी थी, धापूबाई. पूरी मेरी. तुम्हारे दूध में पानी नहीं था."

"म्हने मालम हे," ती म्हणाली. मला माहीत आहे. लसणीवरची नजर तिनं काढली नाही. "काच ने अब बताया आपको?"

"हां."

"भैंस तो रोज बता रही थी."

मी किल्ली पुढे केली. "ये तुम रखो. फाटक आज से तुम्हारा. जब चाहो खोलो."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं, किल्लीकडे, मग मागच्या क्रेटच्या भिंतीकडे. "अब किसको पिलाऊं, बाई? इन बोतलों को?"

तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तिला खरंच हसू आलं होतं. मलाही यायला हवं होतं. मी किल्ली तिच्या लसणीच्या ताटाशेजारी ठेवली आणि निघाले. संध्याकाळी कुणीतरी ती आपल्या पुढच्या दाराच्या कडीला अडकवून गेलं होतं.

मी म्हशींसाठी खटपट केली. बडनगरला माणूस पाठवला, भुरी परत घ्यायची तयारी ठेवली. व्यापाऱ्यानं ती पुढे विकली होती, रतलामकडे, मग आणखी कुठेतरी. माझ्याकडे सगळ्या गोष्टींचे कागद असतात. भुरीचा एकही नव्हता.

दोन-तीन वर्षांत आजूबाजूला मजले चढले आणि गल्लीगल्लीत बोअरिंगची गाडी आली. दिवसभर ती घरघर, भिंती थरथरायच्या, भांडी मांडणीवरून सरकायची. आपल्या विहिरीचं पाणी आधी दोन हात खाली गेलं, मग चार, मग तळाचा चिखल दिसला. एका सकाळी मोटर नुसतीच ओरडली. जे पाणी मी एका उन्हाळ्यात कुलूप लावून राखलं होतं, ते असं गेलं. कुणी प्यायलं नाही. विहीर बुजवून वर फरशी केली. त्या फरशीवर आता दोन गाड्या उभ्या असतात.

परवा गल्लीत उभी होते तेव्हा मी मनातल्या मनात वाद घालत होते, अजून. चिठ्ठी वरच्या बाजूला ठेवली असती तर. आजोबांनी सायीचा मुद्दा सोडला नसता तर. धापूबाई जरा कमी हसली असती तर. इतक्या वर्षांत मी हा वाद सगळ्या बाजूंनी घालून पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी मी तीन वाजता खिडकीत उभी असते.

तर सोहम, तक्त्यात आकडा लिही. आणि जागा उरली तर खाली लिही की ते पाणी आधी कुणीतरी म्हशीला द्यावं लागतं.

विहीर नाही, बाडा नाही, म्हशी नाहीत. धापूबाई आहे. देवास गेटजवळ मुलीकडे राहते, गुडघे गेलेत. दर संक्रांतीला नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून येते. आपल्या घरात बसते, तिळगूळ घेते, तुमच्या आईची चौकशी करते, तुम्हा दोघांची नावं तिला पाठ आहेत. रेवाचं विशेष आवडतं, म्हणते नर्मदाजी को नाम हे. तासभर बोलते. मी पाण्याचा पेला पुढे ठेवते, आणि ती दर वर्षी सांगते, "प्यास नी हे, बाई." त्या उन्हाळ्यानंतर तिनं आमच्या घरचं पाणी प्यायलेलं नाही. मी पेला अजून ठेवते.